लेदर सीटले खोबऱ्याचं तेल: लावावं का नाही? (लग्न १५ दिवसांवर)

पऱ्हाटी
राम राम मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला कास्तकार. गेल्या महिन्यात अमरावतीहून एक जुनी डिझेल गाडी घेतली. सीटा बिस्किट रंगाच्या, लेदरच्या. विकणारा म्हणे, "हात लावून पाहा भाऊ, असली चामडं आहे." लावला हात, मऊ लागलं, पैसे मोजले.

घरी आणून उजेडात पाहिली तेव्हा एकेक गोष्ट दिसू लागली. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड घासून काळी पडलेली, तिच्यावर बारीक भेगा. दोन्ही हेडरेस्ट तेलकट, बोट लावलं तर चिकटते. मागच्या सीटवर तळहाताएवढा खर्ऱ्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचा डाग. आणि माझी स्वतःची कामगिरी वेगळीच: बोअरच्या पाण्यात कपड्याचं पावडर टाकून एक सीट घासली. ओली होती तोवर चकाचक, वाळली तशी पांढरी झाली. वावरात खार फुटते न, तशी.

चुलत भावाचं लग्न १५ दिवसांवर आहे. नवरदेव याच गाडीत जाणार हे मले न विचारता ठरलं आहे. तालुक्याचा दुकानदार 'ड्रायक्लीन'चे २५०० सांगते. बाबा म्हणतात, चामडं आहे, खोबऱ्याचं तेल चोळ, नरम पडते. लावू का?

लालपरी
बिनधास्त लाव. मी ३ वर्षांपासून लावून राहिलो. माशी बसली तर घसरते.

डांबरगोटी
माशी घसरते ते ठीक, माणूसही घसरते न बाप्पा.

मीही लावलं होतं. मार्चमध्ये चोळलं, दोन-तीन आठवडे मस्त दिसलं. मग मे लागला. एक दिवस गाडी बाजार समितीच्या आवारात ४५ अंशांच्या उन्हात चार तास उभी होती. तिथून थेट मेव्हण्याच्या साक्षगंधाला गेलो, अंगात पांढरा कुर्ता. उतरलो तर पाठीवर सीटच्या टाक्यांची चौकट न चौकट तेलात उमटलेली. एका काकूंनी विचारलं, कुर्ता कुठून घेतला, डिझाईन छान आहे म्हणून. हसून घेतलं.

पावसाळ्यात त्याच तेलावर धूळ बसून थर झाला, मग बुरशी धरली, आणि खवट वास असा की बायको मागं बसायची. नको लावू.

लालपरी
माझी गाडी सावलीत राहते.

डांबरगोटी
तुझी गाडी मिस्त्रीकडेच राहते, ते वेगळं.

मास्तरीण_वर्धा
पऱ्हाटी दादा, तेलाचं नंतर बघू. आधी ते चामडं आहे का ते तर पाहा. दुकानात 'लेदर सीट कव्हर' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा रेक्झिनच असतं, आणि कंपनीतून आलेल्या कित्येक सीटाही लेदरेट, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. हात लावून आजकाल कळत नाही.

सीट पूर्ण मागे सरकवा, खाली वाका, जिथे मटेरियल आत दुमडून क्लिपेत अडकवलंय तिथली उलटी बाजू बघा. कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. घोंगडीसारखे तंतू दिसले, बोटाला खरखरीत मखमल लागली तर चामडं. मोबाईलचा टॉर्च पुरतो.

आता पावडरचं. कपड्याचं पावडर अल्कधर्मी असतं, आणि कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी. दोघांचं जमत नाही. बाटलीवर 'माइल्ड' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, घरात हळद आहे ना? वर्गात करतो तो प्रयोग करा. चमचाभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा, वाळू द्या. मग जे काही सीटला लावणार आहात त्याचा एक थेंब त्यावर टाका. पिवळं राहिलं तर निदान अल्कधर्मी तरी नाही. लालसर-तपकिरी झालं तर ते अल्कधर्मी, सीटपासून लांब ठेवा. लग्नघर आहे, हळदीला तोटा नसेल.

पऱ्हाटी
ताई, करून पाहिलं. पोरं गोळा झाली होती पाहायले.

कपड्याचं पावडर: लालभडक. अंगाचं साबण: लाल. भांड्याची वडी: लाल. पुतणीचा लहान पोरांचा शाम्पू: पिवळाच. आणि गंमत म्हणजे आमच्या बोअरच्या नुसत्या पाण्यानंही कागद जरासा नारिंगी झाला. आरओच्या पाण्यानं नाही झाला. पाणीच असं असेल तर सीटचं काय घेऊन बसलात, इथं डाळ शिजत नाही धड.

सीटखाली टॉर्च मारला. बसायच्या जागी अन् पाठीच्या मधल्या पट्ट्यात तंतू दिसले. पण बाजूच्या कडा अन् मागची पाठ, तिथं कापड! अर्धी असली अर्धी नकली. फसवलं का मले?

कुशन_हिंगणघाट
फसवलं नाही भाऊ. बहुतेक गाड्यांत तसंच येते. अंग टेकते तेवढं चामडं, बाकी कडा-पाठी रेक्झिन. आम्ही सीट उसवतो तेव्हा रोजच पाहतो.

२० वर्षं झाली सीटा शिवून राहिलो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. गाडीचं चामडं म्हणजे चपलेचं चामडं नाही. कारखान्यात कमावून झालं की त्याच्यावर रंगाचा थर मारतात, अन् त्या रंगावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा पारदर्शक थर. तुम्ही हात लावता, घासता, तेल चोळता ते सगळं त्या वरच्या थरावर. चामडं खाली आहे, त्याले तुमची खबरही नाही. विश्वास नसेल तर पाण्याचा थेंब ठेवून पाहा, तसाच गोल बसून राहील. जिथं पाणी जात नाही तिथं तेल काय जाईल? वरच बसते. भोकं-भोकं असलेली सीट असली तर त्या भोकांतून खालच्या फोममध्ये उतरते, अन् तिथं सडते.

म्हणजे काम आहे रंगाले सांभाळायचं. रंगाचे वैरी तीन: घाम-तेलाचा मळ, धूळ अन् ऊन. आपल्या काळ्या मातीची धूळ म्हणजे पॉलिश पेपर समजा. त्याच्यावर माणूस रोज बसते, घसरते, उतरते. तुमची दाराकडची कड अशीच गेली.

कसं करायचं ते सांगतो. सकाळी ८ च्या आत, गाडी सावलीत, चारही दारं उघडी. गरम सीटले काहीच लावायचं नाही, लावल्याबरोबर वाळते अन् चट्टे पडतात. आधी सगळी कोरडी धूळ काढा. व्हॅक्यूम नसेल तर रंग मारायचा मऊ दोन इंची ब्रश घ्या, टाक्यांच्या खाचांतून धूळ बाहेर ओढा. या कामाले जेवढा वेळ लागते तेवढा लागू द्या, लोक इथंच घाई करतात. धुळीवर पाणी मारलं की चिखल, अन् चिखल घासला की रंग गेला.

मग मगभर पाण्यात त्या लहान पोरांच्या शाम्पूचे ४-५ थेंब. पाणी आरओचं, नाहीतर बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. मागताना 'डिस्टिल्ड पाणी' असंच म्हणा, नाहीतर दुकानदार ॲसिडची बाटली हाती देईल. फडकं बुडवून घट्ट पिळायचं. सीटवर पाणी ओतायचं नाही, स्प्रेही सीटवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. हातभर जागा घ्यायची, हलक्या हातानं गोल फिरवायचं. मळ रेघांत बसला असेल तर दाढीचा जुना ब्रश, तोही फेसात. लगेच दुसऱ्या ओल्या फडक्यानं साबण पुसून घ्यायचं, तिसऱ्यानं कोरडं. मग पुढची हातभर जागा. फडकं काळं झालं की बदला, तोच मळ पुढं नेऊ नका. तुमची पांढरी झालेली सीट दोन-तीनदा नुसत्या आरओच्या पाण्यानं पुसली तरी उतरेल, तो क्षारच आहे.

अन् सीटखाली पिवळ्या टोप्याचे वायर दिसतील. एअरबॅगचे आहेत. तिकडं पाणी नाही अन् हातही नाही.

संत्राबर्फी
कुशनवाले भाऊंना सलाम. एक भर: घासायचा तो पांढरा स्पंज मिळतो ना, भिंतीवरचे डाग काढणारा, तो चुकूनही नको. तो स्पंज नसतोच, बारीक घासकागद असतो. माझ्या स्टीअरिंगची चमक मी स्वतः दहा मिनिटांत उतरवली आहे. २०२० साली सगळीकडे सॅनिटायझर फवारायचो, त्यानेही कित्येकांच्या सीटांचा रंग गेला. काच पुसायचा निळा स्प्रे, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं, सगळं त्याच यादीत धरा.

मोटेचा_नातू
कुशनवाल्यांचं पटते, पण अर्धं. आमच्या घरी मोट होती, विहिरीतून पाणी काढाची चामड्याची. आबा दर हंगामाआधी मोटेच्या चामड्याले तेल पाजत. पाजत म्हणजे खरंच पाजत: रात्री चोळून ठेवायचं, सकाळी चामडं कोरडं, सगळं पिऊन घेतलेलं. तेल नसतं दिलं तर मोट पहिल्याच उन्हाळ्यात तडकली असती. मग त्या चामड्याले तेल चालत होतं अन् याले नाही, असं काहून?

कुशन_हिंगणघाट
चांगलं विचारलं भाऊ. मोटेचं चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं. त्याच्यावर रंग नाही, प्लास्टिकचा थर नाही, अंग सगळं उघडं. ते तेल पिते. शिवाय रोज विहिरीत बुडून वर येते, त्याच्यातलं तेल धुऊन जाते, म्हणून पुन्हा द्यावं लागते. आबांचं अगदी बरोबर होतं. त्या आबांना आजच्या सीटवर बसवलं असतं तर त्यांनीच थेंब टाकून पाहिला असता अन् म्हटलं असतं, याले तहानच नाही.

मोटेचा_नातू
हे मानलं.

टिपेश्वर_रोड
तेलाचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका, जवसाच्या तेलाची. पोराच्या बॅटला लावायला आणलं होतं, अर्धी बाटली उरली. बॅटच्या लाकडाला चालतं म्हणजे चामड्यालाही चालेल, असं माझं डोकं. चोळलं सगळ्या सीटांना. दुसऱ्या दिवशी चिकट. आठवड्यानं त्यावर पापुद्रा धरला, गुळाच्या पाकासारखा. नखानं निघेना, साबणानं निघेना. शेवटी काढताना रंगासकट निघालं.

नंतर कळलं की जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, तैलरंगात वापरतात ते याच गुणासाठी. आणि ज्या चिंधीनं लावलं ती गोळा करून कोपऱ्यात फेकली होती, ती हाताला गरम लागली. जवसाच्या तेलाच्या चिंध्या अशा बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. जवळच कापसाचे बोंदरे होते. आठवलं की आजही घाम येतो.

मास्तरीण_वर्धा
हे सगळ्यांनी वाचा. चिंधी पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवायची.

संत्राबर्फी
आता कंडिशनरवर बोलू का? मी दर चार महिन्यांनी लावतो. पाण्यासारखं पातळ, पांढरं लोशन, रुपयाएवढं फडक्यावर घ्यायचं, सगळीकडे पातळ फिरवायचं, अर्ध्या तासानं कोरड्या फडक्यानं पुसायचं. सीट करकरत नाही, जीन्सचा निळा रंग लागत नाही.

डांबरगोटी
वरच्या थरातून काही जातच नाही म्हणता, मग लोशन कुठून जाते? ५०० रुपयांचं पाणी आहे ते.

संत्राबर्फी
मी कुठे म्हटलं आत जातं? वर बसतं. कापडाचं घर्षण कमी करतं, पुढचा मळ त्यावर बसतो आणि पुढच्या वेळी सहज निघतो. उन्हापासून बचाव करणारं घेतलं तर रंग थोडा टिकतो.

कुशन_हिंगणघाट
दोघंही बरोबर. टाक्यांच्या भोकांतून, घासलेल्या कडेतून, बारीक भेगांतून थोडंसं जाते, बाकी वरच राहते. मी गिऱ्हाइकाले सांगतो: साफ करायचं नसेल तर लावूही नको. मळावर लोशन म्हणजे न धुतलेल्या अंगाले पावडर. अन् चकचकीत करणारं डॅशबोर्डचं पॉलिश सीटले नको. सिलिकॉनचं असते, ब्रेक मारला की माणूस पुढं सरकते. लेदर मूळचं मंदच दिसते. चमकते म्हणजे मळलेलं आहे किंवा कोणी काही फासलं आहे.

रेक्झिनच्या कडांना कंडिशनरचा काही उपयोग नाही, नुकसानही नाही. पुसलं की झालं. पण रेक्झिनचे पापुद्रे सुटू लागले असतील तर तो थर ऊन-दमटपणानं आतून कुजला आहे. त्याले औषध नाही, तो भाग बदलून शिवावा लागते.

पऱ्हाटी
तीन सकाळी लावल्या. एका सीटले सव्वा तास. हेडरेस्टवर पहिलं फडकं फिरवलं तर ते असं काळं झालं की आईनं विचारलं, चूल पुसली का? तिसऱ्यांदा बिस्किट रंग दिसला. पांढरा खारही उतरला, नुसत्या आरओच्या पाण्यानं, चार खेपा लागल्या.

खर्ऱ्याचा डाग मात्र तसाच. फिका झाला, गेला नाही. मधोमध जिथं खर्ऱ्याची पन्नी ठेवली असेल तिथं हात फिरवला तर सीट खडबडीत लागते. आणि त्या कडेवरच्या भेगा लोशननं भरतील का?

कुशन_हिंगणघाट
खडबडीत लागते म्हणजे डाग नाही, इजा आहे. खर्ऱ्यात काय असते? सुपारी, तंबाखू अन् चुना. सुपारी रंग सोडते तो वेगळा, खरा घात चुन्याचा. कातडं कमावताना केस काढाले ते चुन्याच्याच पाण्यात भिजवतात, कातडं फुगते, केस सुटून येतात. तोच चुना तुमच्या सीटवर ओला होऊन बसला असेल तर वरचा थर त्यानं खाल्ला. आता घासाल तर डाग मोठा कराल. तिथं रंगच मारावा लागते.

भेगा लोशननं भरत नाहीत. जागा साफ करून, बारीक पेपर मारून, फिलर भरून, पाण्यात मिसळणारा लेदरचा रंग जुळवून, वरून पुन्हा पारदर्शक थर. घरी होते, पण रंग जुळवणं म्हणजे वांगी भाजीले मीठ घालण्यासारखं, हाताले अंदाज लागते. पहिल्यांदा दिसणाऱ्या जागी करू नका. अन् लग्नाच्या आठ दिवस आधी तर मुळीच नाही, ओल्या रंगावर नवरदेव बसला तर तुम्हीच घोड्यावर बसा. त्या डागावर एखादी शाल टाका.

फाटलं असेल तर क्विकफिक्स लावू नका, दगड होते. मागून पट्टी चिकटवून घ्या कुशनवाल्याकडून.

संत्राबर्फी
आणि उन्हाचं विसरू नका. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये काळ्या सीटवर हात ठेववत नाही. पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा, ५० रुपयांपेक्षा कमीत जमवायचं असेल तर जुना सुती पंचा सीटवर पसरा. पण प्लास्टिकचं कव्हर नको, खाली घाम कोंडतो. पावसाळ्यात उलटं: ओलं छत्री-रेनकोट मागं टाकून गाडी आठवडाभर बंद ठेवली की सीटवर पांढरी बुरशी. दिसली तर आधी तोंडाला रुमाल बांधून कोरड्या फडक्यानं पुसा, मग शाम्पूचं पाणी, मग दारं उघडून पंखा.

डांबरगोटी
तोवर कंडिशनरवर माझं मत बदललेलं नाही हे नोंदवून ठेवतो.

पऱ्हाटी
मंडळी, लग्न झालं. उशीर झाला कळवाले, वरातीत गाडी मीच चालवत होतो.

नवरदेव दाराकडून उतरला तेव्हा सीटवर हळदीचा हात उमटला. पाची बोटं. मी धावतच होतो तेवढ्यात मोठ्या आत्यानं अंगाचं साबण ओलं करून त्याच्यावर फिरवलं. डाग लालभडक! आत्या घाबरली, "काय झालं बापा, रक्त निघालं का?" मले हसू आवरेना. सगळ्यांसमोर सांगितलं, हे मास्तरीण ताईचं आहे, साबणात अल्कली आहे. कोणाले काही समजलं नाही. आरओच्या पाण्यानं साबण पुसून घेतलं, तसा डाग परत पिवळा झाला. पण गेला नाही. आता?

मास्तरीण_वर्धा
छान! हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. काही घासू नका. सकाळचं कोवळं ऊन त्या जागेवर पडू द्या, रोज दोन-अडीच तास, काचा उघड्या ठेवून. ऊन चढलं की गाडी सावलीत. आठ-दहा दिवस द्या.

पऱ्हाटी
सहावा दिवस आहे. अंगठा अन् करंगळी गेली, मधली तीन बोटं पुसट दिसतात. रोज सकाळी गाडी पूर्वेकडे तोंड करून उभी करतो, दार उघडतो, ऊन चढलं की निंबाखाली नेतो. बाबा ओसरीतून पाहतात. काल म्हणाले, "गाडीले सूर्यनमस्कार काहून घालाले लावतो?"

खोबऱ्याचं तेल आणलेलं तसंच आहे, अर्धा लिटर.

लालपरी
डोक्याले लाव.

कुशन_हिंगणघाट
लाव, पण हेडरेस्टवर टॉवेल टाकून बसजो.